दुसरा थर

सकाळचा उजेड त्या खोलीत एकदम शिरत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेला टेके. मग खाली उतरून बंद खिडक्यांच्या तावदानांवर रेंगाळे. आणि रस्ता ओलांडायला कुणी हात धरील का याची वाट पाहून झाल्यासारखा, बऱ्याच वेळाने, कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तरेकडील उंच खिडकीशी येई. त्यात सोनं-बिनं काही नव्हतं. धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा पांढुरका, किंचित राखाडी, कुणाच्या लक्षात राहू नये असा तो उजेड. आत आला की तो खिळ्यांना टांगलेल्या पट्ट्यांवर पडे, मग चामड्याच्या गुंडाळ्यांच्या तोंडांवर, मग शिवणयंत्राच्या चाकावर. रंगांच्या बाटल्यांपाशी तो थोडा अडखळे. काचेतून वाकून टेबलाच्या लाकडावर निळे, शेवाळी, विटकरी असे पुसट डाग टाकी, आणि ते डाग एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी थांबून राहत. सर्वांत शेवटी, साडेसातच्या सुमारास, लाकडी साच्यावर चढवलेल्या बॅगेवर तो येऊन स्थिर होई.

तोवर मौनी मांडीवर हात ठेवून बसलेला असे. दिव्याखाली निळा रंग हिरव्याकडे झुकतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. रंगाच्या बाबतीत खरं बोलणारा हा एकच उजेड. आणि गेला महिनाभर तो आपलं खोटं याच उजेडात करत आला होता.

त्याला मौनी हे नाव कारखान्याने दिलेलं. वय सत्तावीस आणि बोलणं दिवसाला सत्तावीस शब्द, असा मामांचा हिशेब होता. मामा म्हणजे शिवणयंत्रावरचे म्हातारे कारागीर. ते कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे झाले होते. मौनीचे वडील इथले मास्तर. चामड्याच्या बॅगांवर हाताने चित्र रंगवण्याचं काम ते तेहतीस वर्षं करत होते, आणि मौनी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बॅगांच्या कडा रंगवत असे.

त्या दिवशी साच्यावर तेविसावी बॅग होती. सायीच्या रंगाचं चामडं, त्यावर कडीपासून निघून सगळ्या अंगाभोवती फिरणारी घंटेच्या आकाराच्या निळ्या फुलांची वेल, आणि वेलीवर पाच लहान पक्षी. आदल्या दिवशी मास्तरांनी ती रंगवून ठेवली होती. वेल दुसऱ्या वळणावर नखभर घसरली होती. एका फुलाची पाकळी देठाला सोडून मोकळ्या जागेत पडली होती. आणि तिसऱ्या पक्ष्याचा डोळा त्याच्या डोक्याच्या बाहेर, कोऱ्या चामड्यावर, मोहरीच्या दाण्यासारखा एकटाच होता.

मौनीने काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि तो डोळा हलकेच उचलला. मग पाकळी. वाळलेला रंग पूर्ण निघत नाही. जिथे निघाला नाही तिथे त्याने वरून दुसरा हात दिला. पावणेनऊला वेल पुन्हा वेलीसारखी दिसू लागली. नऊ वाजता जिन्यावर शीळ ऐकू आली, आणि त्याने कापसाच्या काड्या खिशात घातल्या.

“तेवीस नंबर वाळली का रे?” मास्तरांनी कोट काढता काढता विचारलं.

“वाळली, बाबा.”

“कशी झालीय?”

“छान.”

हे सगळं सुरू झालं त्याला निमित्त एका जुन्या उद्योगाचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी बॅगा बनवणाऱ्या कंपनीने एका नावाजलेल्या चित्रकाराशी हातमिळवणी केली. चित्रकार तीन दिवस या खोलीत येऊन बसला. पहिल्या बॅगेवर त्याने ही वेल काढली, चार कारागिरांना शिकवली, आणि जाताना चहाचा कप कोऱ्या चामड्यावर ठेवून त्याचं गोल वळं मागे सोडून गेला. पुढच्या दोनशे बॅगा या चौघांनी रंगवल्या. आतल्या अस्तरावर सोनेरी अक्षरांत दोन नावं होती: एक चित्रकाराचं, एक कंपनीचं. दोन-तीन वर्षं त्या बॅगा मिरवल्या गेल्या, मग वारं फिरलं, लोकांना ती वेल भडक वाटू लागली, आणि बॅगा माळ्यांवर चढल्या.

आता मुली आपल्या आयांच्या त्या बॅगा खाली उतरवून खांद्याला लावून फिरत होत्या. त्यांचे फोटो पसरले. जुन्या बॅगांचे लिलाव होऊ लागले. “बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात,” मामा म्हणाले, “आपल्याला जरा दुप्पट वेळ लागला.” कंपनीने नव्याने चाळीस बॅगा काढायचं ठरवलं. चित्रकार तोवर वारला होता. त्याच्या मुलीने परवानगी दिली, पण एका अटीवर. यंत्राने छापायचं नाही. ज्यांना वडिलांनी शिकवलं, त्यांच्यापैकी कुणीतरी हाताने रंगवायचं. आणि प्रत्येक बॅगेच्या आतल्या खिशात एक कार्ड असायचं, ज्यावर त्या हाताचं नाव लिहिलेलं असेल.

चौघांपैकी दोघे आता नव्हते, तिसरा अंथरुणाला खिळला होता. उरले मास्तर.

चोवीस वर्षं मास्तर एकच विनोद करत आले होते: “चित्र त्याचं, बॅग कंपनीची. माझं काय? मानेचं दुखणं.” आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसत. कार्डाची गोष्ट कळली त्या दिवशी ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “नाव छापणार की हाताने लिहिणार?” हाताने, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी ते केस कापून आले.

पहिल्या दोन बॅगा उत्तम झाल्या. त्यांना नेहमीपेक्षा तिप्पट वेळ लागला, पण झाल्या. तिसऱ्या बॅगेवर शेवटचा पक्षी संपवून मास्तर मागे सरले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, “डोळा जागेवर आहे ना रे?”

मौनीने पाहिलं. डोळा चोचीच्या खाली होता.

“आहे,” तो म्हणाला.

एवढा एकच शब्द. मागे घ्यायचा असता तर त्याच क्षणी घेता आला असता. पण बाबा ब्रश पुसत होते, आणि पुसताना त्यांचे खांदे असे खाली आले, जणू बरेच दिवस उचललेलं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं असावं. दुसऱ्या दिवशी मौनी सगळ्यांच्या आधी कारखान्यात आला.

मास्तरांचा नियम साधा आणि जुना होता: एकच थर. फटकारा चुकला तर ओला असताना पुसा. वाळला तर तसाच राहू द्या, लाज वाटली तरी. “बॅग वापरली की वाकते,” ते शिकवताना सांगत, “आणि जिथे वाकते तिथे दुसरा थर आधी तडकतो. मग तो आपली आणि खालच्याची, दोघांचीही अब्रू घालवतो.” मौनी हा नियम रोज मोडत होता. मोडताना त्याचा हात थरथरत नसे. वडिलांच्या फटकाऱ्याचं वळण त्याने इतकं जवळून पाहिलं होतं, की ते त्याच्या मनगटात आपोआप उतरलं होतं. हा हात आपल्याला केव्हा आला, असा प्रश्न त्याला एखाद्या दुसऱ्या परिस्थितीत सुखावून गेला असता.

पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग त्याने मास्तरांच्या टेबलावरचा दिवा बदलला. मग नव्या ब्रशांचे केस लांब आहेत असं ठरवलं. माणूस कारणं शोधायला बसला की ती दारात रांग लावतात. बाबा समोरच्याकडे सरळ न बघता मान जरा वळवून बघतात. मामांना हाक मारायच्या आधी त्यांचा आवाज ऐकायची वाट पाहतात. कपाच्या कडेला बोट लावून मग चहा ओततात. यातल्या प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे वेगवेगळं उत्तर होतं, आणि ती सगळी एका ठिकाणी मांडून पाहायची वेळ तो येऊ देत नव्हता.

घरीही तेच. कंपनीच्या बाई तपासणीला येणार होत्या त्याच्या आदल्या संध्याकाळी तिघे जेवायला बसले होते. आईचं तोंड सुरू होतं. जिन्यातला दिवा महिनाभर गेलेला, इमारतीच्या व्यवस्थापकाला चारदा सांगून झालं, आणि तो मात्र नवीन दिव्यांची खोकी आपल्या मेहुण्याच्या घरी पोचवतो.

“आणि कुणाचं लक्ष आहे का? आंधळं दळतंय आणि...”

ती थांबली. चमचा ताटलीला लागून वाजला.

“थांबलीस का?” बाबा हसत म्हणाले. “कुत्रं पीठ खातंय. अर्धी म्हण टाकू नये, अपचन होतं.”

“पाणी आणते,” म्हणून आई उठली. तांब्या भरलेला होता. मौनीने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. हातात पांढरे सुती हातमोजे, सोबत मऊ कापडात गुंडाळलेली चोवीस वर्षांपूर्वीची एक बॅग. तयार झालेल्या सव्वीस बॅगा लांब टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. बाईंनी जुनी बॅग प्रत्येकीच्या शेजारी धरून पाहिली. खिडकीशी नेऊन पाहिली. भिंग लावून पाहिली. मामांनी यंत्र बंद केलं होतं.

“मास्तर,” बाई शेवटी म्हणाल्या, “तोच हात! चोवीस वर्षांत रेष तसूभर हललेली नाही.”

“बाई, मास्तरांचे दात हललेत,” मामा म्हणाले, “रेष हलली असती तर आधी मला कळलं असतं.”

सगळे हसले. मास्तरही हसले, त्यांच्या गालांवर लहान मुलासारखी लाली आली. मौनीने ती पाहिली आणि क्षणभर त्याला वाटलं, आपण बरोबरच केलं. या एका क्षणासाठी महिनाभर काय, वर्षभर पहाटे उठावं.

“घ्या ना, तुम्हीच बघा,” म्हणत बाईंनी एक बॅग मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी ती जरा बाजूला धरली, मान वळवली. मग अंगठा वेलीवर ठेवला आणि कडीपासून सावकाश पुढे नेला. दुसऱ्या वळणावर अंगठा थांबला. मागे आला. पुन्हा तिथवर गेला आणि पुन्हा थांबला. भिंगाला जे सापडलं नव्हतं, ते तिथे होतं. केसाएवढी एक पायरी, जिथे एका रंगावर दुसरा रंग चढला होता.

“ही कितवी?” त्यांनी विचारलं.

“चौदावी, बाबा.”

“आणि ती पलीकडची?”

मौनीने पलीकडची दिली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग तिसरी मागितली, मग चौथी. बाईंना ते कौतुक वाटलं. त्या शेजारी उभ्या राहून प्रेमाने बघत होत्या. पाचव्या बॅगेवर मास्तरांचं बोट कुठेच अडलं नाही. कडीपासून निघून ते पाचही पक्ष्यांवरून घसरत पुन्हा कडीशी आलं. ती पहिली होती. तिला त्यांनी इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ हातात धरलं.

“छान झालंय,” ते म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी आपले सगळे ब्रश धुतले. सकाळचे अकरा वाजले होते. एकेक ब्रश पुसून, त्याच्या केसांना टोक काढून, त्यांनी त्याला पातळ कागदाची टोपी घातली. लांबच्या सुट्टीवर जातानाच कारागीर ब्रशांना अशी टोपी घालतो.

“काय मास्तर, कुठं निघाली स्वारी?” मामांनी विचारलं.

“मान दुखतेय,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मौनी सहाला उठला तेव्हा बाबांचा कोट खुंटीवर नव्हता. कारखान्याचं दार उघडं होतं. खोली अजून अंधुक होती, आणि रोज ज्या खुर्चीवर बसून मौनी उजेडाची वाट पाहत असे, तिच्यावर ते बसले होते. मांडीवर कापसाच्या काड्यांची पुडी होती. ती त्यांना मौनीच्या टेबलाच्या खणात सापडली होती.

“ये,” ते म्हणाले. “उजेड यायला वेळ आहे अजून.”

मौनी दारातच उभा राहिला.

“रोज किती वाजता येतोस?”

“साडेसहा.”

“आणि आईला काय सांगतोस?”

“चामडं भिजवायचंय म्हणून.”

“रंगाच्या खोलीत चामडं कोण भिजवतं रे? तिने उलट विचारलं नाही?”

“नाही.”

“म्हणजे तिलाही ठाऊक आहे.” बाबांनी पुडीची घडी घातली. “मग मी एकटाच उरलो होतो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं.

“सव्वीसातल्या माझ्या किती?”

“सगळ्या तुमच्याच आहेत, बाबा. मी फक्त कुठे कुठे...”

“किती?”

“दोन. पहिल्या दोन.”

“त्यांना हात लावला नाहीस ना?”

“नाही. तुमची शपथ.”

बाबांनी मान डोलावली. ते ओरडले असते, टेबलावर हात आपटला असता, तर मौनीला बरं वाटलं असतं; त्या रागाच्या आडोशाला उभं राहता आलं असतं. पण ते बोलत होते तो आवाज मौनीच्या ओळखीचाच नव्हता. त्यात विचारपूस केल्यासारखी मऊ नवलाई होती.

“महिनाभर मी जिना चढताना शीळ घालत होतो,” ते म्हणाले. “मामा म्हणालेसुद्धा, मास्तर, दुसरं लग्न काढलं की काय. मला वाटत होतं, हाताला सगळं पाठ झालंय. तेहतीस वर्षांची सवय. हात आपला आपण चालतोय, माझी गरज त्याला उरली नाही. रात्री पडल्या पडल्या मी तुझ्या आईला सांगायचो. ती आपली हो-हो म्हणायची.” ते थांबले. “हे मला वाटू कसं दिलंस रे?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

“तुला वाईट वाटू नये म्हणून,” बाबा हळूच म्हणाले. “ते माझ्या नावावर घालू नकोस.”

मौनी दारातून पुढे येऊन आपल्या टेबलाशी उभा राहिला.

“तिसऱ्या बॅगेला मी तुला विचारलं होतं, डोळा जागेवर आहे ना. उगाच नव्हतं विचारलं. तू नाही म्हणाला असतास, तर मी तिथेच ब्रश ठेवला असता. दोन बॅगा, दोन कार्डं. पुष्कळ झाली असती. चार जणांत मीही होतो, एवढं तर लेखी राहिलं असतं. आरसा खोटा निघाला तर माणूस दुसरा आणतो. पोराचं काय करायचं, सांग.”

खिडकीत पांढुरकं काहीतरी हललं. पट्ट्या दिसू लागल्या, मग गुंडाळ्या, मग यंत्राचं चाक. बाबांनी चेहरा खिडकीकडे वळवला, जरासा तिरका.

“कुठवर आला?” त्यांनी विचारलं. “बाटल्यांपर्यंत?”

उजेड बाटल्या ओलांडून बॅगेवर आला होता.

“बॅगेवर आलाय, बाबा,” मौनी म्हणाला. डोळ्यांना दिसलं तेच सांगणारं, महिनाभरात त्यांना दिलेलं हे त्याचं पहिलं उत्तर.

“आला असेल,” ते म्हणाले आणि उठले. कोट त्यांनी स्वतः चढवला. मौनी आधाराला पुढे झाला तेव्हा त्यांनी त्याचा हात बाजूला केला नाही. नुसता कोटाच्या बाहीवरून धूळ झटकावी तसा उतरवून ठेवला. जिन्यात कठड्यावरून त्यांचा तळवा घसरत खाली जाताना ऐकू येत होता. शीळ नव्हती. दुसऱ्या मजल्यावर मामांचा आवाज आला, “मास्तर, उलटे कुठे निघालात?” आणि त्याला बाबांनी काय उत्तर दिलं ते वरपर्यंत पोचलं नाही.

दहाला बाई आल्या. आज हातमोजे नव्हते. जाड, सायीच्या रंगाच्या कार्डांचं लहानसं पाकीट होतं आणि काळ्या शाईचं पेन. त्या उत्साहात होत्या. चित्रकाराच्या मुलीशी त्यांचं फोनवर बोलणं झालं होतं. तिला जुनी आठवण होती, वडील या खोलीतून परत आले तेव्हा चार हातांविषयी बोलायचे म्हणून.

“मास्तर कुठायत? त्यांच्यासमोर लिहावं म्हटलं. सही त्यांचीच घेऊ, जास्त शोभेल.”

“पहिल्या दोन कार्डांवर त्यांचं नाव घाला,” मौनी म्हणाला. “बाकीच्यांवर नको.”

“म्हणजे?”

“बाकीच्या त्यांच्या नाहीत.”

“अहो, काल मी स्वतः पाहिलं. तोच हात आहे.”

“माझा आहे.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. टेबलावरच्या ओळीकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली, आणि ती खरी होती, त्यामुळे मौनीला अधिकच कठीण गेलं.

“बरं नाहीये का त्यांना? असं करू, या बॅगांचं काय करायचं ते मी तिच्याशी बोलते. अजून चौदा बाकी आहेत, त्या मास्तरांनी कराव्यात. घाई नाही. आठवडा जाऊ दे, दोन जाऊ देत, कंपनीला मी सांभाळून घेईन. नाव तर त्यांचं यायलाच हवं. कधी येतील ते?”

पुढच्या सोमवारी, हे उत्तर मौनीच्या जिभेवर तयार होतं. ते आपोआप तयार झालं होतं, महिनाभर सगळी उत्तरं होत आली तसंच, मऊ आणि निरुपद्रवी. मामांचं यंत्र थांबलं होतं. मामा दोऱ्याकडे बघत होते, इतकं लक्ष देऊन, की मौनीला कळलं, त्यांनाही ठाऊक आहे.

“येणार नाहीत,” तो म्हणाला.

“का पण?”

“बाबांना दिसत नाही.”